कंपनी मास्क देते, पण ते कामाचे आहेत का हे कसं पारखायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला एक कास्टिंगचा, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. सुमारे १६० माणसं, त्यात निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. प्रश्न विचारणारे तिथल्या सुरक्षा समितीवर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नुकतेच आलेत. व्यवस्थापन म्हणतं, "मास्क देतो, सही घेतो, भिंतीवर बोर्ड लावलेत, अजून काय करायचं?" फेटलिंगमधली (ओतीव भाग घासून साफ करणारी) माणसं मात्र बारा महिने खोकतात. कंपनी हे काम नीट करते आहे की नाही, हे एका कामगाराने कशावरून ठरवायचं?

माझं उत्तर लांब आहे, कारण विषय लांब आहे.

मास्क वाटपाचं रजिस्टर सगळ्यात शेवटी उघडा. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात मी बावीस वर्षं हेच तपासत आलोय, आणि नुसतं रजिस्टर वाचून एकाही कारखान्याबद्दल माझं मत बरोबर ठरलेलं नाही. सुरगाण्याकडचा एक फेटलिंग करणारा माणूस मला आजही आठवतो. वय ३४. टीबीची औषधं दोनदा पूर्ण केलेली, थुंकीत जंतू मात्र एकदाही सापडले नव्हते. शेवटी एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून त्याला विचारलं, "काम काय करतोस रे?" तेव्हा कुठे सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, हा शब्द पहिल्यांदा त्याच्या कागदावर आला. मी त्याच्या कारखान्यात गेलो. रजिस्टरात दर महिन्याला त्याची सही होती, एकही महिना चुकलेला नव्हता. मास्क त्याला मिळत होता. तो कुठल्या प्रकारचा होता, त्याच्या चेहऱ्यावर बसत होता का, पाळीतले किती तास तोंडावर राहत होता, हे त्या रजिस्टरात लिहायला रकानाच नव्हता.

म्हणून सुरुवात हवेपासून करा. माणसाच्या नाकासमोरच्या हवेत काय आहे आणि किती आहे, हे माहीत नसताना निवडलेला मास्क म्हणजे आजार न विचारता दिलेली गोळी. तुमच्याकडे नॉकआऊट (साचा फोडून ओतीव भाग काढणं), फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंगला (बारीक छर्रे मारून भाग साफ करणं) वाळूची धूळ आहे, म्हणजे स्फटिकी सिलिका. भट्टीजवळ धातूचा धूर, कोअर शॉपमध्ये (साच्याचे आतले गाभे बनतात तिथे) रेझिनचे वायू, पेंटिंग असेल तर थिनरची वाफ. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि एका मास्कने चारही भागत नाहीत.

हवेच्या मोजणीचा अहवाल समितीत मागा. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. समितीवर कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतात ते याचसाठी. अहवाल हातात आला की आकड्यांच्या आधी एक गोष्ट बघा : नमुना कुठे घेतला? योग्य पद्धतीत छोटा पंप कामगाराच्या कमरेला असतो आणि नमुना घेणारं तोंड त्याच्या कॉलरजवळ, शक्यतो पूर्ण पाळीभर. मी असे अहवाल पाहिलेत ज्यात यंत्र शेडच्या दारापाशी स्टुलावर ठेवलं होतं. दारातली हवा कोणी श्वासात घेत नाही. दुसरं, त्या दिवशी ब्लास्टिंग चालू होतं का? तारीख बघा आणि त्या दिवसाची उत्पादनाची नोंद शेजारी ठेवा. तिसरं, नुसती एकूण धूळ मोजली, की फुफ्फुसात खोलवर पोचणारी बारीक धूळ वेगळी काढून तिच्यात क्वार्ट्झ, म्हणजे हीच स्फटिकी सिलिका, किती टक्के ते मोजलं? घसा खवखवतो तो जाड धुळीने. फुफ्फुस जाळणारी धूळ डोळ्यांना दिसत नाही.

आता आकडे. कारखाने अधिनियम, १९४८ (२०२५ मध्ये त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली) च्या दुसऱ्या अनुसूचीत या बारीक धुळीची मर्यादा सूत्राने काढत : १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). समजा तुमच्या धुळीत क्वार्ट्झ १८ टक्के आहे. १० भागिले २० म्हणजे मर्यादा आली ०.५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. समजा फेटलिंगमध्ये मोजणी आली ४ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या आठपट. चेहऱ्यावर नीट बसणारा, नाक-तोंड झाकणारा चांगला हाफ मास्क आतली धूळ साधारण दहाव्या हिश्श्यावर आणतो, असं जगभर धरलं जातं. म्हणजे आत ०.४. मर्यादेत बसलो, असं व्यवस्थापन म्हणेल. (अमेरिकेत शुद्ध सिलिकेची मर्यादा ०.०५ आहे. आपल्या ०.४ मिलिग्रॅम धुळीतली १८ टक्के सिलिका धरली तर ०.०७२ होते. म्हणजे तिथल्या हिशोबाने आपण तरीही बाहेरच आहोत.)

पण हा हिशोब आठही तास मास्क तोंडावर आहे असं धरून केलेला आहे, आणि इथेच सगळं निसटतं. आठ तासांत माणसाने एकूण ४८ मिनिटं मास्क खाली ओढला, म्हणजे दहा टक्के वेळ, तर सरासरी ०.४ राहत नाही, ०.७६ होते. मर्यादेच्या दीडपट. दहापट संरक्षण देणारा मास्क पाचपटीवर आला. अर्धी पाळी काढून ठेवला तर संरक्षण दुपटीइतकंही उरत नाही. हे गणित मी दर प्रशिक्षणात खडूने फळ्यावर मांडतो, कारण शपथेवर सांगून कोणाला पटत नाही आणि हे मात्र सातवी झालेल्या माणसालाही पटतं.

४८ मिनिटं कशी जातात ते तुम्ही रोज पाहता. तंबाखू मळायची, ती गालात ठेवायची, दर थोड्या वेळाने थुंकायला मास्क खाली. सुपरवायझरशी बोलायचं, ग्राइंडरच्या आवाजात ओरडायचं, मास्क खाली. मोबाइल वाजला, मास्क खाली. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी भट्टी, घामाने मास्क चिंब होऊन नाकाला चिकटतो, श्वास ओढवत नाही, मास्क खाली. यात माणसाचा आळस शोधू नका. कंपनी नीट काम करते की नाही याची खरी परीक्षा इथे आहे : ओला झालेला मास्क पाळीच्या मध्यात बदलून मिळतो का? धूळ नसलेल्या जागी, पंख्याखाली मास्क काढून बसायला ठरलेल्या वेळा आहेत का? पाणी प्यायला ठरलेली जागा आहे का? या तिन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर माणसाने मास्क काढू नये ही अपेक्षाच खोटी आहे.

याच गणितातून दुसरी गोष्टही निघते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. आठपट धूळ हाफ मास्कच्या खांद्यावर टाकायची गोष्टच नाही. तिथे धूळ निर्माण होते त्या जागीच ओढून घेणारा एक्झॉस्ट हवा, तो डस्ट कलेक्टरला जोडलेला हवा, जिथे जमेल तिथे ओलं काम हवं, झाडूऐवजी व्हॅक्यूम हवा. दाबाच्या हवेने कपडे आणि फरशी साफ करण्याची सवय तर आजच बंद व्हायला हवी. दिवसभर खाली बसलेली धूळ त्या एका फुंकरीने पुन्हा नाकापर्यंत येते. मास्क हा शेवटचा आडोसा आहे. ज्या कारखान्यात मास्कवर चर्चा होते आणि डस्ट कलेक्टरच्या फाटलेल्या बॅगा वर्षभर तशाच असतात, तिथे मी मास्कचे गुण मोजायला बसत नाही. एक्झॉस्ट चालतो की नाही हे पाहायला महागडं यंत्र नको. रात्रपाळीला जेवणाच्या सुट्टीआधी, परवानगी घेऊन, एका यंत्राजवळचे दिवे बंद करा आणि चांगल्या टॉर्चचा झोत धुळीतून आडवा टाका. झोताच्या बाजूने पण उजेडाच्या दिशेने बघा. दिवसा न दिसणारी बारीक धूळ कुठून उठते, एक्झॉस्टच्या हुडमध्ये जाते की माणसाच्या तोंडाकडे, सगळं दिसतं. मी व्यवस्थापकांना हे दाखवतो तेव्हा पुढचं बोलणं फार सोपं होतं.

मग मास्कचा प्रकार. हातात घेऊन वाचा. धुळीच्या फेकून द्यायच्या मास्कसाठी आपलं मानक आयएस ९४७३ आहे, त्यात एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असे वर्ग येतात. गाळणी पहिल्या दोन वर्गांत किमान ८० आणि ९४ टक्के, तिसऱ्यात त्याहून जास्त. सिलिकेला एफएफपी१ पुरत नाही. मास्कवर मानकाचा क्रमांक, वर्ग आणि वापराची मुदत छापलेली नसेल तर तो मास्क हिशोबात धरू नका. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे मास्क चेहऱ्यावर जास्त घट्ट धरतात. आणि रुमाल, उपरणं, सर्जिकल मास्क हे श्वसनसंरक्षण नव्हेच. करोनाच्या काळात सर्जिकल मास्कची इतकी सवय झाली की अजून कित्येक स्टोअरमध्ये तोच धुळीसाठी दिला जातो.

पेंट बूथमध्ये वेगळीच चूक होते. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. कितीही पांढराशुभ्र एफएफपी३ घातला तरी थिनरचा वास आत येतोच. तिथे कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि कार्ट्रिजला रंगाची पट्टी असते : युरोपीय पद्धतीत तपकिरी म्हणजे सेंद्रिय वाफा, राखाडी म्हणजे क्लोरीनसारखे वायू, पिवळी म्हणजे सल्फर डायऑक्साइड, हिरवी म्हणजे अमोनिया, पांढरी म्हणजे धूळ. फवारणीत वाफ आणि तुषार दोन्ही असतात, म्हणून तपकिरीसोबत पांढरीही हवी. "वास यायला लागला की बदला" हा नियम कोणी सांगत असेल तर तो मान्य करू नका. नाकाला वासाची सवय होते, आणि टू-पॅक पॉलियुरेथेन पेंटच्या हार्डनरमधला आयसोसायनेट धोकादायक पातळीलाही वास देत नाही. त्याने एकदा दमा लागला की पुढे त्याच्या अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो आणि त्या माणसाला तो धंदा सोडावा लागतो. तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. कार्ट्रिज बदलायची तारीख वापराच्या तासांवरून आधीच ठरलेली हवी, आणि पाकीट फोडल्याची तारीख कार्ट्रिजवर पेनाने लिहिलेली हवी. आतला कोळसा वापर नसतानाही हवेतलं ओढत राहतो.

एक गोष्ट मी नाशिकमध्ये मुद्दाम सांगतो, कारण इथे तिने जीव जाऊ शकतात. गाळणारा मास्क हवा गाळतो, प्राणवायू बनवत नाही. हवेत प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेला की कुठलंच कार्ट्रिज उपयोगाचं नाही. द्राक्षरस आंबत असताना वाइनच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, रंग नाही. तुमच्याकडे वाळूचा सायलो, पिट, सांडपाण्याची टाकी असेल तर तिथेही हाच धोका. अशा जागी मास्क घालून उतरवणारी कंपनी सुरक्षेचं काम करत नाही. तिथे हवा तपासणी, लेखी परवाना, वर उभा राहणारा माणूस आणि स्वतंत्र हवेचा सेट लागतो. खाली कोणी पडला तर वाचवायला दुसऱ्याने तसंच उतरायचं नाही. असे दोघे-तिघे एकामागून एक गेल्याच्या घटना या धंद्यात नव्या नाहीत.

आता चेहरा. चांगल्यात चांगला मास्क गालाशी फट ठेवून बसला तर धूळ गाळणीतून कशाला जाईल, ती फटीतून जाते. म्हणून प्रत्येक माणसावर, त्याला मिळणाऱ्या त्याच मॉडेलचा मास्क घालून फिट टेस्ट झाली पाहिजे. ही फार खर्चाची गोष्ट नाही. डोक्यावर एक टोपडं, त्यात सॅकरिनच्या गोड किंवा बिट्रेक्सच्या कडू द्रावणाचा फवारा. माणूस मान फिरवतो, वाकतो, मोठ्याने बोलतो. जिभेला चव लागली की मास्क गळतोय. मी ही चाचणी पहिल्यांदा एखाद्या कारखान्यात घेतो तेव्हा "आम्हाला एकच साइज पुरते" म्हणणारे स्टोअरकीपरच सर्वात जास्त चकित होतात. बायकांच्या चेहऱ्याला तो एकच साइज बहुधा मोठा पडतो. कोअर शॉपमध्ये बायका काम करतात, त्यांना लहान मास्क कधी विचारला जात नाही. अंबाड्यावरून पट्टा घसरतो, हेही कोणी बघत नाही.

दाढीचं बोलायला हवं. एका दिवसाची खुंटंही मास्कची कड उचलतात. आपल्याकडे श्रावणात, चातुर्मासात कित्येकजण दाढी करत नाहीत, काहींची दाढी धर्माने असते. हे त्यांना बोलून दुखवायचं कारण नाही. अशा माणसाला पंख्याने हवा ढकलणारं सैल हूड द्यावं, ज्याला चेहऱ्याशी घट्ट बसावंच लागत नाही, किंवा तेवढा काळ धुळीच्या कामावरून हलवावं. श्रावण दरवर्षी येतो. ज्या कंपनीने त्याचा विचार आषाढात केलेला असतो ती कंपनी मास्कबद्दल गंभीर आहे, असं मी समजतो.

शॉट ब्लास्टिंगचं हेल्मेट असेल तर त्यातली हवा कुठून येते ते शोधा. नळी धरून मागे मागे चालत जा. अनेकदा ती यंत्रांच्याच कॉम्प्रेसरच्या लाइनवर जोडलेली असते, तेलाचा वास घेऊन येते, आणि कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड जनरेटरच्या धुराड्याशेजारी असतं. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड थेट माणसाच्या तोंडात. श्वासाच्या हवेसाठी वेगळं गाळण आणि ठराविक तपासणी असल्याचा कागद मागा.

आता स्टोअर, आणि आता रजिस्टर. इथे सही बघू नका, भागाकार करा. धुळीच्या कामावर ४० माणसं, महिन्याचे २६ दिवस, पाळीला एक मास्क धरला तर १०४० मास्क लागतात. खरेदीच्या बिलात २०८ दिसले तर एक मास्क पाच दिवस चालतोय. मग पाच दिवस तो कुठे असतो ते बघा. बहुतेक ठिकाणी यंत्रावरच्या खिळ्याला, आतली बाजू वर, रात्रभर धूळ खात. काहीजण चांगल्या मनाने तो घरी नेऊन निरम्यात धुतात. एन९५ किंवा एफएफपी मास्कच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण त्यानेच पकडले जातात. साबणपाण्याने तो भार जातो, मास्क दिसायला नवा होतो आणि कामाला मेलेला. पुन्हा वापरायच्या रबरी मास्कची गोष्ट उलटी आहे. तो रोज कोमट पाण्याने धुवायचाच असतो, गाळणी काढून. त्याच्या उच्छ्वासाच्या झडपेची पातळ चकती उचलून बघा. तिच्याखाली रंगाचा कण अडकला किंवा ती वाकडी झाली तर प्रत्येक श्वासाला मागच्या दाराने धूळ आत येते. चकत्या आणि पट्टे सुटे मिळतात. ते स्टोअरमध्ये आहेत का, एवढं विचारलं तरी व्यवस्थेची कुंडली कळते.

मास्कचे पैसे पगारातून किंवा ठेकेदाराकडून कापले जात असतील तर ते बेकायदा आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ मध्ये ते स्पष्ट होतं आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व आहे. "दुसरा मागितलास तर पैसे पडतील" ही तोंडी धमकीही त्यातच धरा. ठेकेदाराच्या माणसाला स्वस्तातला मास्क आणि कायम कामगाराला चांगला, हा भेद तुमच्याकडे आहे का ते स्वतः पाहा, कारण सगळ्यात धुळीचं काम नेमकं ठेकेदाराच्या माणसाकडे असतं. पेठ-सुरगाण्याहून आलेल्याला आणि बिहारहून आलेल्याला मास्क घालायचा कसा हे त्याला कळेल अशा भाषेत, हातात देऊन, करून दाखवलं होतं का? मला खात्री करायची असते तेव्हा मी माणसाला फक्त म्हणतो, "घालून दाखव." नाकाची पट्टी दोन्ही बोटांनी दाबली, खालचा पट्टा मानेवर आणि वरचा डोक्यावर घेतला, दोन्ही हात ठेवून श्वास सोडून कडेने हवा येते का पाहिलं, तर प्रशिक्षण झालंय. हजेरीपत्रकावरच्या सह्यांपेक्षा हे एक मिनिट जास्त सांगतं.

व्यवस्थापनाशी बोलताना भांडण घेऊन जाऊ नका. लहान कारखान्यांचे बरेच मालक स्वतः त्याच धुळीत वाढलेले असतात, त्यांना कोणी नीट दाखवलेलं नसतं. एका बैठकीत एकच मागा : आधी फेटलिंगची व्यक्तिगत मोजणी, पुढच्या बैठकीत फिट टेस्ट, मग एक्झॉस्ट. प्रत्येक मागणी इतिवृत्तात लिहून घ्या. तरीही हालचाल नसेल तर नाशिकमध्ये औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय आहे, तिथे लेखी जाता येतं.

आणि तपासणीची कागदपत्रं. धुळीच्या कामावर येणाऱ्याचा छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसचाचणी कामाला लावण्याआधी आणि नंतर ठराविक काळाने व्हायला हवी. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला मास्क घालून कष्टाचं काम झेपेल का, हेही त्याच वेळी डॉक्टरांनी पाहावं. सिलिकोसिसला औषध नाही, तो धूळ थांबल्यावरही वाढू शकतो, टीबीला वाट करून देतो, आणि बहुधा दिसतो तो माणसाने तो कारखाना सोडल्यावर कित्येक वर्षांनी. कामगार राज्य विमा योजनेत (ईएसआय) तो व्यावसायिक आजार आहे, पण भरपाई मागायला कुठे, किती वर्षं, कसल्या धुळीत काम केलं हे दाखवावं लागतं. सुरगाण्याच्या त्या माणसाकडे आधीच्या दोन ठिकाणचा एकही कागद नव्हता, आणि ठेकेदार तर बदलून गेलेले. म्हणून तुमच्या समितीत एवढं नक्की मंजूर करून घ्या : काम सोडून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात, तो कायम असो की ठेकेदाराचा, त्याच्या एक्स-रेची आणि फुफ्फुसचाचणीची प्रत, आणि त्याने कुठल्या विभागात किती महिने काम केलं याचा सही-शिक्क्याचा कागद.